गेलेली ग्रामसभा आणि सतरा जणांचे सभागृह
माळशिरस तालुक्यातील चार नव्या शहरांत लोकांची आघाडी कशी उभी राहील?

माळशिरस तालुक्यात आता चार ठिकाणी नगरसेवक निवडून येतात. माळशिरस, नातेपुते आणि महाळुंग-श्रीपूर या तीन नगरपंचायती आणि अकलूज ही नगरपरिषद. काही वर्षांपूर्वीपर्यंत या सगळ्या गावांचा कारभार सरपंच आणि ग्रामसेवक पाहत होते. आज तिथे नगराध्यक्ष आहेत, मुख्याधिकारी आहेत, प्रभाग आहेत, निविदा आहेत. एकाच तालुक्यात इतक्या थोड्या काळात एवढी गावे कागदावर शहर झाल्याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यात दुसरे नाही.

शहरी राजकारण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई-पुणे येते. तिथली महापालिका, तिथले झोपडपट्टीचे प्रश्न, तिथल्या नागरिक संघटना. पण महाराष्ट्राचे शहरीकरण आता अशा वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावांत घडते आहे. इथे ऊस आहे, पालखीचा मुक्काम आहे, आठवडी बाजार आहे, आणि प्रत्येक मतदाराला उमेदवाराचे घर माहीत आहे. अशा ठिकाणी पुढाऱ्यांच्या गटांना बाजूला ठेवून हमाल, फेरीवाले, सफाई कामगार, अंगणवाडी सेविका, छोटे शेतकरी आणि शिकलेली तरुण पोरे यांची आघाडी उभी राहू शकते का? राहिली तर टिकेल का? हा लेख त्या प्रश्नाचा आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. अशी आघाडी उमेदवारांच्या यादीतून उभी राहणार नाही. गाव शहर झाले त्या दिवशी जी ग्रामसभा गेली, ती लोकांनी आपापल्या प्रभागात पुन्हा भरवली, तरच ती उभी राहील.

कालव्याचा तालुका, माळाचा तालुका

माळशिरसचे राजकारण समजायचे तर आधी पाणी समजून घ्यावे लागते. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले आणि तालुक्याचे दोन भाग झाले. कालव्याखालच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी १९३०च्या दशकात इथे जमिनी घेतल्या, स्वतःचा साखर कारखाना काढला आणि माळीनगर वसवले. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उभारलेला तो देशातल्या सुरुवातीच्या कारखान्यांपैकी एक. त्याच दशकात श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांचा बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट आला. पुढे शंकरराव मोहिते-पाटील यांनी अकलूजला सहकारी कारखाना उभा केला आणि त्याभोवती शाळा, महाविद्यालये, दूध संघ, बँका यांचे जाळे विणले गेले. विजयसिंह मोहिते-पाटील २००३ मध्ये राज्याचे उपमुख्यमंत्री झाले, तेव्हा अकलूजचे राज्यातले वजन सगळ्यांनी पाहिले.

दुसरा भाग माळाचा. तालुक्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला पिलीवच्या बाजूला पाऊस कमी, जमीन हलकी. तिथे मेंढरे, ज्वारी आणि टँकरची वाट. धनगर समाज इथे मोठ्या संख्येने आहे. २००९ पासून माळशिरस विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे आमदार राखीव जागेवरचा, सत्तेची मोठी केंद्रे कारखान्याच्या पट्ट्यात आणि मतांचा मोठा साठा माळावर, अशी या तालुक्याची रचना झाली. कोणतीही आघाडी बांधणाऱ्याला या तिन्ही गोष्टींची दखल घ्यावी लागते.

या सगळ्यात एक चांगली बाजूही आहे. सहकाराने इथल्या माणसांना सभा, ठराव, सभासदत्व आणि अहवाल शिकवले. वारीने स्वयंसेवा शिकवली. आषाढीला ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत जाते. तुकाराममहाराजांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते. लाखो माणसे एका रात्रीपुरती या गावांत उतरतात आणि त्यांचे पाणी, जेवण, दवाखाना, शौचालय यांची सोय गावातली मंडळे, शाळा, बायका आणि तरुण मिळून करतात. एकत्र काम करण्याची सवय इथे नव्याने लावायची गरज नाही. ती आहे. प्रश्न आहे तो ती सवय पालिकेच्या दारापर्यंत नेण्याचा.

काय मिळाले, काय गेले

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की सतरा प्रभाग होतात आणि प्रत्येक प्रभागातून एक सदस्य निवडला जातो. त्यातल्या निम्म्या, म्हणजे नऊ जागा महिलांच्या. राज्य शासनाचा मुख्याधिकारी येतो. रस्ते, गटारे, पाणी, दिवे यांच्यासाठी नगरविकास खात्याच्या योजना खुल्या होतात. विकास आराखडा तयार होतो. हे सगळे खरे आणि गरजेचे आहे. वीस हजारांच्या गावाचे सांडपाणी ग्रामपंचायतीच्या हातून सुटत नाही, हे माळशिरस-नातेपुत्याच्या लोकांना कोणी सांगायला नको.

पण त्या दिवशी एक गोष्ट गेली, आणि तिच्या जाण्याची चर्चा फारशी झाली नाही. ती म्हणजे ग्रामसभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी त्या घेण्याची रीत आहे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. गावातला कोणीही मतदार उभा राहून हिशेब मागू शकतो, लाभार्थ्यांच्या यादीवर हरकत घेऊ शकतो, ठराव मांडू शकतो. अनेक गावांत या सभा कागदावरच होतात, हेही खरे. तरी हक्क कायद्यात असला की एखादा जिद्दी माणूस तो वापरून दाखवतो. नगरपंचायतीत हा हक्क उरत नाही. तिथे बोलायचा अधिकार सतरा जणांना. बाकीच्यांनी अर्ज करायचा, पोच घ्यायची आणि थांबायचे. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे मतही त्याच दिवशी जाते.

राज्याने २००९ मध्ये महापालिका आणि नगरपरिषदांच्या कायद्यांत दुरुस्ती करून शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद आणली. मतदान केंद्राच्या हद्दीतल्या मतदारांनी एकत्र बसावे आणि आपल्या भागाची कामे सुचवावीत, हा तिचा हेतू. प्रत्यक्षात राज्यभरात ती फार थोड्या ठिकाणी भरली. कारण साधे आहे. ती भरवायची जबाबदारी ज्यांच्याकडे, त्यांनाच तिथे उत्तरे द्यावी लागतात.

माळशिरस तालुक्यात आणखी एक भर पडली. माळशिरस, नातेपुते आणि महाळुंग-श्रीपूर या नगरपंचायतींची निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाली. डिसेंबर २०२१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गाच्या राखीव जागा स्थगित केल्या. मग त्या जागा खुल्या म्हणून जाहीर झाल्या आणि १८ जानेवारीला त्यांचे मतदान झाले. म्हणजे ज्या तालुक्यात धनगर आणि इतर मागास समाज एवढा मोठा, तिथली ही सभागृहे त्या समाजांच्या राखीव जागांविना बसली. कोणी निवडून आले नाही असे नाही, पण हक्काची जागा नव्हती. जुलै २०२२ मध्ये इतर मागासवर्गाच्या आरक्षणाबाबतचा बांठिया आयोगाचा अहवाल न्यायालयाने स्वीकारला आणि पुढच्या निवडणुकांसाठी वाट मोकळी होत गेली. या तीन नगरपंचायतींची पाच वर्षांची मुदत २०२७च्या सुरुवातीला संपते.

अकलूजचे उपोषण, मारकडवाडीचे मतदान

या तालुक्यातल्या लोकांनी अलीकडे दोनदा एकत्र येऊन आपले म्हणणे राज्याच्या कानावर घातले. दोन्हींतून शिकण्यासारखे आहे.

पहिला प्रसंग २०२१चा. अकलूज तेव्हा राज्यातल्या मोठ्या ग्रामपंचायतींपैकी एक होती. अकलूज-माळेवाडीला नगरपरिषद आणि नातेपुत्याला नगरपंचायत व्हावी, या मागणीचा प्रस्ताव मंत्रालयात अडकला होता. करोनाची दुसरी लाट ओसरत असताना अकलूजच्या प्रांत कार्यालयासमोर साखळी उपोषण सुरू झाले आणि कित्येक आठवडे चालले. रोज वेगळी संघटना, वेगळी गल्ली, वेगळा समाज येऊन बसायचा. व्यापारी आले, महिला मंडळे आली, वकील आले. ऑगस्ट २०२१ मध्ये शासनाची अधिसूचना निघाली. मागणी मान्य झाली आणि मंडप उठला. त्यानंतर अकलूजला नगरपरिषदेची पहिली निवडणूक पाहायला डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. मधली चार वर्षे प्रशासकाची. ज्या लोकांनी उपोषणाला बसून नगरपरिषद मिळवली, त्यांचाच एकही प्रतिनिधी चार वर्षे तिच्या सभागृहात नव्हता. राज्यभर हीच स्थिती होती हे खरे. पण मंडपात जमलेली माणसे महिन्यातून एकदा तरी एकत्र बसत राहिली असती, प्रशासकाला हिशेब विचारत राहिली असती, तर ती चार वर्षे वेगळी गेली असती. आंदोलन संपल्यावर बैठक संपली, हे आपल्याकडच्या बहुतेक लोकआघाड्यांचे दुखणे आहे.

दुसरा प्रसंग मारकडवाडीचा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माळशिरसमधून राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तम जानकर १३,१४७ मतांनी निवडून आले. पण मारकडवाडी या गावात भाजपचे राम सातपुते यांना १,००३ आणि जानकर यांना ८४३ मते मिळाली. गावातल्या जानकर समर्थकांना हा आकडा पटला नाही. त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच पुन्हा मतदान घेण्याचे ठरवले. मतपत्रिका छापल्या, मंडप घातला. अशा मतदानाला कायद्यात जागा नाही, असे प्रशासनाने सांगितले, जमावबंदी लागू केली, आणि मतदान न घेताच ग्रामस्थांना थांबावे लागले. गुन्हेही दाखल झाले. त्यानंतर ८ डिसेंबरला शरद पवार गावात आले. दोन दिवसांनी भाजपच्या बाजूने सभा झाली. गावातली मते खरी आहेत आणि ती विकासकामांमुळे पडली, असे तिथे सांगितले गेले.

मतदान यंत्राबद्दल कोणाचे काय मत असावे, हा या लेखाचा विषय नाही. मला त्यात दिसते ते वेगळे. काही दिवसांत एका लहान गावाने वर्गणी, छपाई, मंडप, यादी, निवेदन अशी सगळी व्यवस्था उभी केली. एवढी ताकद गावात असते. पण प्रश्न उमेदवाराच्या आकड्याचा असल्यामुळे गावाचे दोन तट झाले आणि बाहेरून आलेल्या पुढाऱ्यांच्या सभांनी ते पक्के केले. गावाची सामूहिक ताकद पक्षाच्या भांडणात खर्च झाली की गावाच्या हाती काही उरत नाही.

महाड: ठरावाला पाय लागतात

लोकांची आघाडी आणि नगरपालिका यांचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा धडा महाडचा आहे. आपण चवदार तळ्याचा सत्याग्रह लक्षात ठेवतो, पण त्यामागे एक नगरपालिका होती हे विसरतो.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्याला अनुसरून १९२४च्या सुरुवातीला महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. त्यामागे सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा पुढाकार होता. ठराव झाला, तळे मात्र बंदच राहिले. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले. अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्ते बरोबर उभे राहिले. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली आणि डॉ. आंबेडकर यांच्यामागे हजारो माणसे तळ्यावर गेली. तेव्हा तीन वर्षांपूर्वीच्या ठरावात जीव आला.

पुढचेही तितकेच महत्त्वाचे. ऑगस्ट १९२७ मध्ये महाड नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. न्यायालयीन लढा चालत राहिला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षे.

माळशिरससारख्या शहराने यातून काय घ्यावे? सभागृहात एक चांगला माणूस असला की ठराव होतो. पण तो अमलात येतो बाहेरच्या लोकांच्या चालण्याने. आत आणि बाहेर दोन्हीकडे माणसे असतील तरच पालिका हलते. बहुमत बदलले की ठराव मागे जाऊ शकतो, म्हणून बाहेरची संघटना निवडणुकीपेक्षा जास्त आयुष्याची असावी लागते. आणि जातीच्या भिंतीपलीकडून आलेला एक माणूस, एक जागा, एक सही कधी कधी निर्णायक ठरते.

मुंबई १९५७: जिंकलेली आघाडी का विखुरते

दुसरा धडा संयुक्त महाराष्ट्र समितीचा. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात स्थापन झालेल्या या समितीत प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष आले. एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे आणि आचार्य अत्रे एका व्यासपीठावर बसले. १९५७ मध्ये समितीने मुंबई महापालिका जिंकली. आचार्य मो. वा. दोंदे, मग कम्युनिस्ट कामगार नेते एस. एस. मिरजकर, मग पी. टी. बोराळे असे महापौर झाले. गिरणगावातल्या चाळींतून निघालेल्या लोकांनी देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका ताब्यात घेतली होती.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले आणि समितीचे कारण संपले. पक्ष आपापल्या वाटेने गेले. एका मागणीवर जमलेली आघाडी ती मागणी पुरी झाली की विखुरते. अकलूजच्या मंडपाचे झाले तेच इथे मोठ्या प्रमाणावर झाले. म्हणून नव्या आघाडीने एकच मागणी घेऊन चालणार नाही. तीन-चार कामे अशी हवीत की ती दरवर्षी पुन्हा करावी लागतात आणि दरवर्षी लोकांना एकत्र बसावे लागते.

बायकांनी चालवलेला कारभार

नऊ जागा महिलांच्या असल्या तरी कारभार नवऱ्याच्या हाती, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. पण आरक्षण येण्याआधीच महाराष्ट्रातल्या शेतकरी बायकांनी वेगळे करून दाखवले होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन भरले. स्थानिक निवडणुका बायकांनी लढवायच्या, हा विचार तिथून पसरला. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातले विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातले मेटीखेडा अशा गावांत संपूर्ण महिलांची पॅनेल उभी राहिली आणि निवडून आली. गावात पाणी, शाळा, दारूबंदी हे प्रश्न पुढे आले. या बायका एकेकट्या निवडून आल्या नव्हत्या. त्या आधीच एका संघटनेत होत्या. मोर्चाला गेल्या होत्या, सभेत बोलल्या होत्या. म्हणून सभागृहात गेल्यावर त्यांना कोणी गप्प बसवू शकले नाही.

सोलापूर जिल्ह्याच्याच करमाळा तालुक्यातून आलेली एक कल्पना अलीकडे राज्यभर गेली. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा प्रथा थांबवण्यासाठी मोहीम चालवली. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने तसा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो आदर्श घ्यायला सांगितले. एका गावाचा ठराव राज्याचे धोरण बदलू शकतो. असा ठराव करायला नगरपंचायतीला कोणी अडवलेले नाही.

सत्ता गेली तरी काम चालू

जिल्ह्याच्या ठिकाणी, सोलापूर शहरात, कष्टकऱ्यांची सर्वांत टिकाऊ संघटना विडी कामगार बायकांची. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली, मुस्लिम, दलित अशा अनेक समाजांतल्या या बायका. घरी बसून हजार विड्यांच्या हिशेबावर मजुरी. भाषा वेगळी, देव वेगळा, पण मालक आणि दर एकच. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम यांनी या कामगारांची संघटना बांधली. ते १९७८, १९९५ आणि २००४ मध्ये आमदार झाले, मधल्या आणि नंतरच्या निवडणुका हरलेही. पण संघटनेने घराची मागणी सोडली नाही. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. पुढे तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. जानेवारी २०२४ मध्ये त्यातली पंधरा हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. तेव्हा आडम आमदार नव्हते.

केंद्रात दोन वेगळ्या विचारांची सरकारे, राज्यात वेगवेगळे पक्ष, स्वतःचा नेता कधी आत, कधी बाहेर. तरी घरे झाली, कारण यादी, वर्गणी, अर्ज आणि सभा संघटनेच्या हाती होत्या. माळशिरसच्या कार्यकर्त्यांनी विधानसभेचे निकाल पाहून निराश होण्याआधी कुंभारीला एकदा जाऊन यावे.

आता माळशिरसमध्ये काय करता येईल

नगरपंचायतीच्या एका प्रभागात ढोबळमानाने हजारभर मतदार असतात. तिरंगी लढत झाली तर चारशे मतांत माणूस निवडून येतो. एवढ्या लहान आकड्याचे दोन अर्थ होतात. पैसा, भावकी आणि एका गल्लीचा हट्ट यांनी प्रभाग सहज फिरतो. आणि पन्नास घरांची खरी बैठकही तो फिरवू शकते. पहिला अर्थ पुढाऱ्यांना ठाऊक आहे. दुसरा लोकांनी शिकायचा आहे.

कामाची सुरुवात कायद्यात आधीच असलेल्या गोष्टींपासून करता येते. पालिकेने आपल्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा महिला व बालकल्याणासाठी, दुर्बल घटकांसाठी आणि दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, प्रत्येकी पाच टक्के. तो कुठे खर्च झाला हे माहितीच्या अधिकारात विचारता येते आणि उत्तर प्रभागात वाचून दाखवता येते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात फेरीविक्रेता समिती नेमायची असते, आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले हवेत. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला ही निवडणूक आपली आहे हे सांगणारे कोणी हवे. विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी मुदत असते. वस्तीतल्या लोकांनी नकाशा समजून घेऊन त्या मुदतीत लेखी हरकत दिली नाही, तर पुढची वीस वर्षे ती चूक भोगावी लागते. प्रभागातल्या पाव हिस्सा महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी मतदान घेता येते आणि निम्म्याहून अधिक बायकांनी बाटली आडवी केली तर दुकान बंद होते. यातले एकही काम नगरसेवक होण्याची वाट पाहत नाही.

या कामांतून आघाडी आपोआप जुळत जाते. निधीच्या हिशेबात दिव्यांग आणि बचत गटाच्या बायका येतात. बाजाराच्या प्रश्नात फेरीवाले आणि हमाल येतात. आराखड्यात दलित वस्ती, धनगर वस्ती आणि गावठाणाबाहेरची नवी घरे येतात. कचऱ्यात कंत्राटी सफाई कामगार येतात. शिकलेल्या मुलांना अर्ज लिहिणे, नकाशा वाचणे, हिशेब मांडणे हे काम मिळते. सहकारी संस्थेत अहवाल वाचून मोठी झालेली निवृत्त माणसे इथे फार उपयोगी पडतील. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने जे अभ्यासगट चालवले, त्याची रीत इथेही घेता येईल. आधी लहान गटाने विषय समजून घ्यायचा, मग सगळ्यांच्या सभेत मांडायचा आणि कोणालाही मागे न टाकता निर्णय करायचा. त्याच गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे वर्षानुवर्षांच्या सभा होत्या.

धोकेही सांगितले पाहिजेत. २०२५च्या अखेरीस मोहोळ तालुक्यातल्या अनगर नगरपंचायतीच्या सतराही जागा बिनविरोध झाल्या. नगराध्यक्षपदासाठीचा विरोधी अर्ज छाननीत बाद झाला, आणि त्यावर राज्यभर चर्चा झाली. लहान गावात बिनविरोध निवडणूक म्हणजे गावाची एकी, असे सांगितले जाते. काही वेळा ते खरे असते. पण उमेदवारी भरायलाच माणूस धजावत नसेल तर ती एकी नव्हे. दुसरा धोका जातीच्या बेरजेचा. मराठा, धनगर, माळी, दलित, मुस्लिम अशा पाच नेत्यांना एका फलकावर आणून आघाडी होत नाही. ती पाच नेत्यांची वाटणी होते आणि निकालानंतर आठवड्यात फुटते. तिसरा धोका सर्वांत जवळचा. पुढची निवडणूक जवळ आली की एखादा मोठा गट या लोकआघाडीला दोन जागा देऊ करेल. तो मोह टाळण्याची ताकद एकट्या उमेदवारात नसते, प्रभागाच्या सभेत असते. उमेदवार कोण, युती कोणाशी आणि निवडून आलेल्या माणसाने वर्षभरात काय केले, हे तीनही निर्णय सभेतच झाले पाहिजेत. हे आधी कागदावर लिहून सगळ्यांसमोर वाचले पाहिजे.

निकाल काहीही लागो

पुण्याच्या नगरपालिकेत १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्चण्याच्या प्रस्तावाला १८८० मध्ये त्यांनी एकट्याने विरोध केला. ते एकटे मत हरले. पण त्यामागे सत्यशोधक समाज होता, शाळा होत्या, दुष्काळातले अन्नछत्र होते. म्हणून दीडशे वर्षांनी त्या एका मताची नोंद आपल्याला ठाऊक आहे. सभागृहातली संख्या लहान असली तरी बाहेरचे काम मोठे असले, की त्या मताला वजन येते.

माळशिरस, नातेपुते, महाळुंग-श्रीपूर आणि अकलूजच्या वाचकांना म्हणून एकच विनंती आहे. पुढच्या निवडणुकीचे फलक लागण्याआधी आपापल्या प्रभागात महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी सभा भरवा. मंदिराचा मंडप, मशिदीचे आवार, बुद्ध विहार, शाळेचा वर्ग, कोणतीही जागा चालेल. पालिकेच्या मागच्या सभेचे इतिवृत्त मागा आणि वाचून दाखवा. बायकांना आधी बोलू द्या. उपस्थितांची सही घ्या. पन्नास जण आले तर उत्तम, बारा आले तरी पुढच्या महिन्याची तारीख जाहीर करून उठा. उमेदवार नंतर ठरेल. ग्रामसभा शासनाने काढून घेतली असली तरी सभा भरवण्याचा हक्क संविधानाने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे, आणि तो वापरायला कोणाच्या परिपत्रकाची गरज नाही.